खवले मांजर हे मांजर नाही, रक्तचंदन हे चंदन नाही: मग हे दोघं आहेत तरी कोण?

एपिसोड ऐकायला वेळ मिळत नाही पण वाचायला जमतं, असं सांगणारे बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लेखी रूप. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे ना' काढून टाकलेत, बाकी गप्पा आहेत तशाच ठेवल्यात.

आज दोन जीवांबद्दल बोलायचंय. एक झाड, एक सस्तन प्राणी. झाड म्हणजे रक्तचंदन आणि प्राणी म्हणजे खवले मांजर, ज्याला आपण हल्ली पँगोलिन म्हणतो. जोडी जरा विचित्र वाटेल. एक आंध्रातल्या खडकाळ डोंगरावर उभं आहे, दुसरं आपल्या कोकणात रात्री वारुळं उकरत फिरतं. पण दोघांत तीन गोष्टी सारख्या आहेत. पहिली, दोघांची नावं फसवी आहेत. दुसरी, दोघांचीही प्रचंड तस्करी होते. आणि तिसरी, धोक्यातल्या जीवांच्या जागतिक यादीत दोघंही एकाच पायरीवर आहेत, 'एंडेंजर्ड', म्हणजे संकटग्रस्त.

आता गंमत बघा. पायरी एकच, पण नियम वेगळे. रक्तचंदन तुम्ही शेतात लावू शकता आणि रीतसर परवानगी काढून विकूही शकता. खवले मांजर मात्र पाळणं, मारणं, विकणं, त्याचा एक खवला खिशात ठेवणं, सगळं गुन्हा. असं का? धोका सारखा तर औषध वेगळं का? याचं बरंचसं उत्तर वर्गीकरणात आहे. शाळेत आपण 'सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती' अशी जी यादी पाच मार्कांसाठी पाठ केली आणि विसरून गेलो, तीच ही.

आधी नावांचा घोळ

रक्तचंदन आपल्या घराघरांत माहीत आहे. मुका मार लागला, सूज आली की आजी रक्तचंदनाची बाहुली काढायची, सहाणेवर पाण्यात उगाळायची आणि तो लाल लेप लावायची. पण ती बाहुली कधी नाकाला लावून बघितलीय? चंदनासारखा वास येत नाही. कारण ते चंदन नाहीच.

खरं चंदन म्हणजे सँटालम आल्बम. ते सँटालेसी कुळातलं. हे झाड अर्धपरजीवी आहे, म्हणजे पानांमधून स्वतःचं अन्न बनवतं, पण मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांत घुसवून तिथून पाणी आणि क्षार ओढून घेतं. म्हणून चंदन लावणारे शेतकरी त्याच्या शेजारी तूर किंवा दुसरं काहीतरी 'यजमान' झाड लावतात.

रक्तचंदनाचं शास्त्रीय नाव टेरोकार्पस सँटालिनस. कुळ फॅबेसी. हे कुळ म्हणजे तूर, हरभरा, भुईमूग, शेंगा येणाऱ्या सगळ्या मंडळींचं. म्हणजे रक्तचंदन नात्याने तुरीच्या डाळीच्या जवळचं आहे, चंदनाच्या नाही! 'टेरोकार्पस' म्हणजे पंख असलेलं फळ. याची शेंग चपटी, गोल आणि कडेने पंखासारखी पातळ असते. 'सँटालिनस' म्हणजे चंदनासारखा. नुसतं 'सारखा'. सह्याद्रीत आणि विदर्भात आपल्याकडे दिसणारा बिबळा हा रक्तचंदनाचा सख्खा चुलत भाऊ, टेरोकार्पस मार्सुपियम. चंदनाचा वास सँटालॉल या तेलातल्या घटकामुळे येतो, तर रक्तचंदनाचा लाल रंग सँटालिन या रंगद्रव्यामुळे. नावं सारखी वाटतात, रसायनं पूर्ण वेगळी.

आता दुसरे महाशय. खवले मांजर. मांजर नाही हे तर दिसतंच. अंगभर खवले असलेला हा सस्तन प्राणी. सस्तनांमध्ये असे खरे खवले अंगभर असणारे फक्त हेच. खवले कसले? केराटिनचे. म्हणजे आपल्या नखांचं आणि केसांचं जे द्रव्य, तेच. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. 'पँगोलिन' हा शब्द मलय भाषेतून आलाय, अर्थ साधारण 'गुंडाळी करणारा'. संकट आलं की हा प्राणी पोट आत घेऊन स्वतःचा चेंडू करतो.

याचं शास्त्रीय नाव मॅनिस क्रॅसिकॉडाटा, म्हणजे जाड शेपटीचा. दात नाहीत, लांब चिकट जीभ, मोठी नखं, खाणं मुंग्या आणि वाळवी. दक्षिण अमेरिकेतला मुंगीखाऊ पाहिलात तर तोही असाच: दात नाहीत, जीभ लांब, मुंग्या खातो. म्हणून पूर्वी शास्त्रज्ञांनी या दोघांना एकाच गटात टाकलं होतं. दिसायला आणि वागायला सारखे, मग एकच घराणं असणार, असा हिशोब.

माझ्या कामातलं उदाहरण देतो. दोन प्रोग्राम बाहेरून अगदी सारखे दिसू शकतात. तीच बटणं, तेच उत्तर. पण आतला कोड उघडला तर दोन वेगळ्या टीमने वेगळ्या काळात लिहिलेला. निसर्गातही तसंच होतं. मुंग्या खायच्या असतील तर दात नकोत, जीभ लांब हवी, नखं दणकट हवीत. ही गरज दोन वेगळ्या खंडांत दोन वेगळ्या घराण्यांनी स्वतंत्रपणे भागवली. पुढे डीएनए वाचता यायला लागला, म्हणजे आतला कोड उघडला, तेव्हा कळलं की खवले मांजराचे सगळ्यात जवळचे नातेवाईक मुंगीखाऊ नाहीत, तर मांसभक्षी गण. म्हणजे कुत्रा, अस्वल, सील... आणि मांजर! मराठी नावाने नेम चुकवला, पण दगड बागेतच पडला म्हणायचा. अर्थात हे नातं फार लांबचं. दोन्ही फांद्या वेगळ्या होऊन काही कोटी वर्षं लोटली आहेत.

शिडी शेजारी शेजारी लावून बघू

आता दोघांचा पूर्ण पत्ता लिहू. वरून खाली, पायरी पायरीने.

सृष्टी: एक वनस्पती, दुसरा प्राणी.
संघ किंवा विभाग: रक्तचंदन सपुष्प, आवृतबीजी. खवले मांजर समपृष्ठरज्जू.
वर्ग: रक्तचंदन द्विदल. खवले मांजर सस्तन.
गण: रक्तचंदन फॅबेलीस. खवले मांजर फोलिडोटा.
कुल: फॅबेसी आणि मॅनिडी.
प्रजाती: टेरोकार्पस आणि मॅनिस.
जाती: सँटालिनस आणि क्रॅसिकॉडाटा.

एक छोटी सूचना. बातम्यांमध्ये 'प्रजाती' हा शब्द सर्रास स्पीशीजसाठी वापरतात. शाळेच्या पुस्तकाप्रमाणे प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. मी इथे पुस्तकाप्रमाणे जातोय.

पहिल्याच पायरीवर दोघं वेगळे झाले, मग तुलना कसली करायची? पण 'गण' आणि 'कुल' या पायऱ्यांवर जरा थांबा. रक्तचंदनाच्या फॅबेसी कुळात हजारो जाती आहेत. सपुष्प वनस्पतींमधल्या सगळ्यात मोठ्या कुळांपैकी हे एक. आणि खवले मांजराच्या अख्ख्या फोलिडोटा गणात? सर्वमान्य जाती फक्त आठ. चार आशियात, चार आफ्रिकेत. आपल्या देशात त्यातल्या दोन: भारतीय खवले मांजर बऱ्याच राज्यांत, आणि चिनी खवले मांजर ईशान्येकडे.

याचा अर्थ काय? रक्तचंदन उद्या नष्ट झालं तर नुकसान भयंकर आहे, पण त्या घराण्याची फांदी पानांनी भरलेली राहील. खवले मांजराच्या आठ जाती गेल्या तर कोट्यवधी वर्षं वाढलेली ती सबंध फांदीच झाडावरून उतरली. तशी दुसरी कुठे नाही.

रक्तचंदनाची अडचण वेगळी आहे, ती नकाशावर दिसते. हे झाड जंगलात नैसर्गिकरीत्या उगवतं ते पूर्व घाटाच्या दक्षिण टोकाला. आंध्रातले शेषाचलम, वेलिकोंडा, पालकोंडा हे डोंगर, कडप्पा, चित्तूर, नेल्लोर हा भाग आणि लगतचा थोडा तामिळनाडू. बस्स. जगात इतर कुठेही नैसर्गिक जंगलात नाही. तिरुपतीला गेला असाल तर तो डोंगर म्हणजे शेषाचलमच. २०१० साली शेषाचलमला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला.

म्हणजे एकाची फांदी लहान पण पसारा मोठा: पाकिस्तान, भारत, नेपाळ, श्रीलंका. दुसऱ्याची फांदी मोठी पण जागा चिमुकली. 'दुर्मिळ' हा एकच शब्द आपण दोघांना लावतो, पण दुर्मिळपणाची कारणं दोन आहेत.

तीन याद्या, तीन कामं

संरक्षणाचं बोलताना तीन नावं कायम येतात आणि लोक त्यांची मिसळ करतात. सोपं करून सांगतो.

पहिली, आययूसीएनची लाल यादी. हा तब्येतीचा रिपोर्ट समजा. या जातीची प्रकृती कशी आहे एवढंच तो सांगतो. रिपोर्ट वाईट आला म्हणून कुणाला अटक होत नाही. खवले मांजर यात संकटग्रस्त आहे. रक्तचंदनाचा रिपोर्ट मात्र वरखाली झालाय. आधी संकटग्रस्त, मग २०१८ मध्ये 'निअर थ्रेटन्ड', म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावर, आणि जानेवारी २०२२ मध्ये परत संकटग्रस्त. झाडाचं आयुष्य पाहता तीन-चार वर्षं म्हणजे काहीच नाही. शिवाय या यादीत घट मोजताना दहा वर्षं किंवा तीन पिढ्या यातला जो काळ मोठा तो धरतात. झाडाच्या तीन पिढ्या म्हणजे केवढा मोठा काळ! नवी पाहणी आली, आकडे बदलले की शेरा बदलतो. म्हणून 'आता धोका कमी झाला' अशी बातमी वाचली की लगेच फटाके फोडायचे नाहीत.

दुसरी, सायटीस. हा देशांच्या सीमेवरचा चेकनाका. आंतरराष्ट्रीय व्यापार किती आणि कसा, एवढंच याचं काम. यात परिशिष्टं आहेत. परिशिष्ट एक म्हणजे व्यापारी हेतूने व्यवहार बंद. परिशिष्ट दोन म्हणजे परवाना दाखवा, जातीला धोका होत नाही हे सिद्ध करा, मग न्या. रक्तचंदन १९९५ पासून परिशिष्ट दोनमध्ये आहे. खवले मांजरही आधी परिशिष्ट दोनमध्येच होतं. २०१६ मध्ये जोहान्सबर्गच्या परिषदेत आठही जाती परिशिष्ट एकमध्ये हलवल्या आणि जानेवारी २०१७ पासून ते लागू झालं.

तिसरा, आपला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. याला मात्र दात आहेत. खवले मांजर अनुसूची एकमध्ये आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. शिकार किंवा विक्री सिद्ध झाली तर तीन ते सात वर्षांची कैद आणि वर दंड.

मग वेगळं औषध का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रक्तचंदन परिशिष्ट दोनमध्ये आणि खवले मांजर एकमध्ये, हा फरक का?

रक्तचंदन हे शेंगा देणारं झाड आहे. बी पडतं, रोप होतं, नर्सरीत वाढतं. मूळ जंगलाबाहेरही लावता येतं. वेळ लागतो, कारण आतला लाल गाभा, ज्याला किंमत असते, तो भरायला कैक वर्षं जातात. पण लावता येतं हे नक्की. म्हणजे बाजाराची भूक लागवडीतून थोडीफार भागवण्याची शक्यता आहे. चीनमध्ये या लाकडाच्या राजेशाही फर्निचरची जुनी परंपरा आहे, जपानमध्ये शामिसेन या तंतुवाद्याच्या दांडीसाठी ते वापरतात. ही मागणी एका सहीने संपणारी नाही.

सायटीसने २००४ पासून भारतातल्या रक्तचंदनाच्या व्यापारावर खास परीक्षण लावलं होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यातून भारताचं नाव निघालं. ज्यांनी शेतात रक्तचंदन लावलंय त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट होती.

खवले मांजराचं गणित पूर्ण उलट. मादीला बहुतेक वेळा एकच पिल्लू होतं. ते आईच्या शेपटीच्या मुळाशी बसून फिरतं. खाणं फक्त मुंग्या आणि वाळवी, तेही रोज भरपूर. पिंजऱ्यात हा प्राणी घाबरून जातो, खाणं सोडतो. ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात यांच्या प्रजननाचं केंद्र आहे आणि तिथे पिल्लं जन्मलीही आहेत, पण ते संवर्धनासाठीचं किचकट काम आहे. कोंबड्यांसारखी 'खवले मांजर फार्म' चालणं शक्य नाही. त्यामुळे बाजारात येणारा खवला जंगलातूनच येतो, आणि मेलेल्या प्राण्याचाच असतो.

किती? एप्रिल २०१९ मध्ये सिंगापूर बंदरात एकाच कंटेनरमध्ये सुमारे १२.९ टन खवले सापडले. नायजेरियाहून व्हिएतनामला चालले होते. अंदाजे १७,००० प्राणी. आणि काही दिवसांतच जवळजवळ तेवढाच दुसरा साठा पकडला गेला. हे आफ्रिकेतले प्राणी होते. आशियातले कमी झाल्यावर बाजार आफ्रिकेकडे वळला.

आणि हे सगळं कशासाठी? केराटिनसाठी. मघाशी म्हटलं होतं ना, मुद्दा लक्षात ठेवा. पारंपरिक औषध म्हणून जे विकतात ते रसायनाच्या दृष्टीने नखाचं चूर्ण आहे. २०२० मध्ये चीनने आपल्या अधिकृत औषधकोशाच्या कच्च्या मालाच्या यादीतून पँगोलिनचे खवले काढले. आपल्याकडेही 'पैशांचा पाऊस' पाडून देतो म्हणून मांडुळाबरोबर खवले मांजर विकणारे भोंदू पकडले जातात. पाऊस पडतो तो त्यांच्याच खिशात.

मधली माणसं

हा विषय नुसता प्राणी आणि झाडांचा नाही. ७ एप्रिल २०१५ ला शेषाचलमच्या जंगलात आंध्र पोलिसांच्या गोळीबारात २० जण मेले. तामिळनाडूतून आलेले, त्यातले बरेच जण गरीब, रोजंदारीवर लाकूड तोडणारे. ती चकमक खरी की बनावट यावर मोठा वाद झाला. 'पुष्पा' सिनेमा आपण सगळ्यांनी शिट्ट्या मारत पाहिला, पण प्रत्यक्षात कुऱ्हाड चालवणाऱ्याच्या हातात मजुरीच येते. मोठा पैसा बंदराच्या पलीकडे असतो. खवले मांजराचंही तसंच. गावातला माणूस सापडलेला प्राणी थोड्या पैशांत देतो आणि तुरुंगातही आधी तोच जातो.

म्हणून संरक्षण गावातून सुरू झालं तर टिकतं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने कोकणातल्या गावांत खवले मांजरासाठी बरंच काम उभं केलंय. चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात तर जागतिक पँगोलिन दिनाच्या निमित्ताने 'खवलोत्सव' झाला. हा दिन फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी असतो. ज्या प्राण्याचा सुगावा लागला की पूर्वी गावात कुजबुज व्हायची, त्याचा गावाने उत्सव केला. कुठल्याही पोस्टरपेक्षा याचा परिणाम जास्त.

आपल्या हातात काय?

तीन गोष्टी सांगतो आणि थांबतो.

एक, परसात किंवा रस्त्यावर खवले मांजर दिसलं तर त्याला हात लावू नका, भोवती गर्दी करू नका, ठिकाणासकट फोटो टाकू नका. आपला लोकेशन टॅग शिकाऱ्याला नकाशा देतो. महाराष्ट्र वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे, 'हॅलो फॉरेस्ट'. तिथे कळवा.

दोन, शेतात रक्तचंदन लावायचा विचार असेल तर रोप नक्की कशाचं आहे ते शास्त्रीय नावाने विचारून घ्या. चंदन, रक्तचंदन आणि बिबळा यांची सरमिसळ सोपी आहे, आणि तोडणीच्या वेळी किंमत ठरते ती जातीवर. लागवडीची नोंद सातबाऱ्यावर करून घ्या, म्हणजे पुढे तोड आणि वाहतुकीच्या परवानगीला पुरावा राहतो. आणि 'दहा वर्षांत करोडपती' म्हणणाऱ्या एजंटाला नमस्कार करून वाटेला लावा.

तीन, पुढच्या वेळी 'अमुक जीव संकटग्रस्त' अशी बातमी वाचली की दोन प्रश्न विचारा. हा कुठल्या फांदीवरचा आहे, आणि त्या फांदीवर आणखी किती पानं शिल्लक आहेत? आणि हा परत वाढायला किती वेळ घेतो? या दोन उत्तरांवरून बंदी लागेल, परवाना पुरेल की लागवड करावी लागेल, याचा अंदाज तुम्हाला स्वतःलाच येईल.

तुमच्या गावात खवले मांजराला काय म्हणतात, ते जरूर कळवा. जिल्हा आणि तालुका लिहा, जागा मात्र लिहू नका! पुढच्या भागात भेटूच. तोवर, काळजी घ्या.